मॅरम गवत

मॅरम गवत (शास्त्रीय नाव: ॲमोफिला अरेनारिया) हे तृणकुलातील (पोएसी) एक बहुवर्षायू गवत असून ते युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यांवरील वाळूच्या टेकड्यांवर निसर्गतः वाढते. वाऱ्याबरोबर वाहणारी वाळू अडवून ती टेकडीच्या रूपाने साठविण्याच्या गुणामुळे किनाऱ्यालगतची शेते, गावे व रस्ते वाचविण्यासाठी या गवताची लागवड अनेक शतके होत आली आहे. याच कारणासाठी ते एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया व दक्षिण आफ्रिका येथे नेण्यात आले. त्यांपैकी काही ठिकाणी आज ते उपद्रवी वनस्पती मानले जाते आणि त्याच्या निर्मूलनावर मोठा खर्च केला जातो.

या गवताच्या लागवडीची व निगेची पद्धत इतर गवतांहून बरीच वेगळी आहे. बहुतेक वनस्पती वाळूखाली गाडल्या गेल्या की मरतात. मॅरम गवत मात्र दरवर्षी थोडेफार गाडले गेले नाही तर खुरटते.

नाव व वर्गीकरण

'मॅरम' हा शब्द प्राचीन नॉर्स भाषेतील 'समुद्र' आणि 'काडी, ताट' या अर्थांच्या दोन शब्दांपासून बनला आहे. डच भाषेत या गवताला 'हेल्म', तर फ्रेंचमध्ये 'ओया' म्हणतात. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात 'गुर्बे' हे स्थानिक नावही प्रचलित आहे. शास्त्रीय नावातील दोन्ही शब्द वाळूचेच आहेत: 'ॲमोफिला' म्हणजे ग्रीक भाषेत वाळूप्रिय आणि 'अरेनारिया' म्हणजे लॅटिनमध्ये वाळूतील.

कार्ल लिनीयस याने १७५३ मध्ये या गवताचे वर्णन 'अरुंडो अरेनारिया' या नावाने केले होते. पुढे ते ॲमोफिला या प्रजातीत घालण्यात आले. जनुकीय अभ्यासानंतर अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ आता त्याचा समावेश कॅलामॅग्रॉस्टिस या प्रजातीत करतात. त्यामुळे नव्या संदर्भग्रंथांत ते 'कॅलामॅग्रॉस्टिस अरेनारिया' या नावाने आढळते. किनारा-व्यवस्थापनाच्या लेखनात मात्र जुने नावच रूढ आहे. उत्तर अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर व पंचमहासरोवरांच्या काठी वाढणारी ॲमोफिला ब्रेव्हिलिग्युलाटा ही जाती त्याची जवळची नातलग होय. दोन्ही गवते दिसायला सारखी असली तरी पान व आवरक जेथे जुळतात तेथील पातळ पापुद्रा (जिव्हिका) पाहून ती ओळखता येतात. मॅरम गवतात हा पापुद्रा लांब, टोकदार व १ ते ३ सेंमी. असतो, अमेरिकन जातीत तो काही मिलिमीटरच असतो.

वर्णन

मॅरम गवताचे दाट ठोंब सुमारे ६० ते १२० सेंमी. उंच वाढतात. पाने अरुंद, ताठ, टोकाला अणकुचीदार व करड्या-हिरव्या रंगाची असतात. उन्हाळ्यात, साधारणतः जून ते ऑगस्ट या काळात, फिकट पिवळसर रंगाचा, लांबट व कणसासारखा दाट फुलोरा येतो. त्यातील प्रत्येक कणिशकात एकच फूल असते.

पानाची रचना हा वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा विषय आहे. रुक्षतारोधी वनस्पतींचे उदाहरण म्हणून त्याचा आडवा छेद अनेक पाठ्यपुस्तकांत दाखविलेला असतो. पानाची बाहेरची बाजू गुळगुळीत असून तिच्यावर जाड उपत्वचा असते. आतल्या बाजूवर उभ्या खोबणी असतात, त्या खोबणींत पर्णरंध्रे असतात आणि त्यांच्याभोवती बारीक केस असतात. हवा कोरडी झाली की खोबणींच्या तळाशी असलेल्या विशेष पेशींतील पाणी कमी होते, त्या आकुंचन पावतात आणि पान लांबीच्या दिशेने नळीसारखे गुंडाळले जाते. पर्णरंध्रे अशा रीतीने नळीच्या आत येतात, तेथील हवा दमट राहते आणि पाण्याचा ऱ्हास कमी होतो. दमट हवेत पान पुन्हा उलगडते.

जमिनीखालचा भाग वरच्या भागापेक्षा कितीतरी मोठा असतो. मूलक्षोड (जमिनीखाली वाढणारे खोड) आडवे पसरते, तसेच सरळ वरही वाढते. प्रत्येक पेराशी एक कोंब व मुळांचा झुबका फुटू शकतो. जुन्या टेकडीची कडा वादळात कापली गेली की हे खोडांचे व मुळांचे जाळे कित्येक मीटर खोलीपर्यंत लोंबताना दिसते. टेकडी वाढत असताना गवत कोणत्या पातळीवर होते याची ती एक प्रकारची नोंदच असते.

वाळू आणि वाढ

भरतीच्या रेषेच्या वर वाळलेली वाळू वारा उचलतो. ताशी सुमारे १५ ते २० किमी. वेगाचा वारा कोरडी वाळू हलवू शकतो. बहुतेक कण हवेत उंच जात नाहीत. ते जमिनीलगत उड्या घेत पुढे सरकतात. वाटेत गवताचा ठोंब आला की तेथे वाऱ्याचा वेग मंदावतो आणि कण खाली पडतात. गवत थोडे गाडले जाते, वर येते, पुन्हा वाळू अडविते. या रीतीने टेकडी व गवत एकमेकांना वर नेतात. वर्षाला सुमारे १ मीटर जाडीचा थर अंगावर आला तरी मॅरम गवत त्यातून बाहेर पडू शकते. एवढी क्षमता फार थोड्या वनस्पतींत आहे.

टेकडीची सुरुवात मात्र बहुधा मॅरम गवत करीत नाही. खाऱ्या पाण्यात मुळे बुडणे त्याला मानवत नाही, त्यामुळे भरतीच्या रेषेजवळ प्रथम 'सँड काऊच' यासारखी अधिक क्षारसह गवते रुजतात व लहान उंचवटे तयार करतात. उंचवटा लाटांच्या पोहोचीबाहेर गेला की तेथे मॅरम गवत येते आणि खऱ्या अर्थाने उंच टेकडी उभी राहते.

या गवताचे सर्वांत लक्षवेधी वैशिष्ट्य पुढे दिसते. टेकडी स्थिर झाली, समोर नवी टेकडी उभी राहून वाळूचा पुरवठा थांबला, की मॅरम गवत विरळ होऊ लागते, फुलोरा कमी येतो व त्याची जागा लाल फेस्क्यू, शैवाक, झुडपे इत्यादी घेतात. पूर्वी याचे कारण पोषणद्रव्यांची कमतरता किंवा ठोंबांचे वय असे सांगितले जाई. नेदरलँड्समधील व्हॅन डर पुटेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निराळे कारण पुढे आले. जुन्या वाळूत मॅरमच्या मुळांवर जगणारे सूत्रकृमी व रोगकारक कवक साठत जातात आणि मुळे निकामी करतात. समुद्राकडून आलेली ताजी वाळू जवळजवळ रोगमुक्त असते. गवत तिच्यात नवी मुळे सोडते आणि काही काळ या शत्रूंच्या पुढे राहते. वाळूखाली गाडले जाणे हे त्या अर्थाने त्याचे संकट नसून सुटका आहे. मुळांशी सहजीवन करणारी संकवकेही या नुकसानीला काही प्रमाणात आळा घालतात.

वाळू थांबविण्यासाठी लावलेले गवत वाळू थांबली की स्वतःच उतरणीला लागते, ही गोष्ट लागवडीचा विचार करताना निर्णायक ठरते. किनाऱ्याकडील चेहऱ्यावर, जेथे वाळू येत राहते, तेथे ते दशकानुदशके टिकते. आतल्या स्थिर जमिनीवर ते काही वर्षांपुरते आवरण देते आणि त्याच्या आधाराने दुसरी वनस्पती वाढवावी लागते.

लागवड

मॅरम गवताची लागवड बियांपेक्षा फुटव्यांनी करणे अधिक खात्रीचे असते. बी उगवते, पण कोवळी रोपटी उन्हाने वाळतात, वाऱ्याने उघडी पडतात किंवा पहिल्याच वादळात खोल गाडली जातात. बी पेरायचेच असेल तर वाळूचा पृष्ठभाग पेंढा किंवा फांद्या पसरून आधी स्थिर करावा लागतो, आणि तसे करणे मोठ्या उघड्या किनाऱ्यावर सहसा परवडत नाही.

फुटवे जोमदार वाढीच्या क्षेत्रातून, म्हणजे जेथे वाळू अजून साचत आहे अशा टेकडीवरून घेतले जातात. खुरटलेल्या जुन्या गवताचे फुटवे नीट रुजत नाहीत. प्रत्येक ताटाच्या बुडाशी किमान एकदोन पेरांचे मूलक्षोड असणे आवश्यक आहे, कारण नवा कोंब तेथूनच येतो; नुसते उपटलेले ताट वाळून जाते. एकाच जागेवरून सगळे गवत न काढता ठोंब आलटून पालटून काढतात, नाहीतर जेथून गवत नेले तेथेच वाऱ्याला वाट मिळते. मोठ्या प्रकल्पांसाठी स्वतंत्र रोपवाटिका ठेवण्याची प्रथा त्यामुळेच पडली. काढलेल्या फुटव्यांची जुनी पाने झाडून टाकतात, शेंडे छाटून लांबी सुमारे अर्धा मीटर ठेवतात आणि लावणीपर्यंत मुळे ओल्या वाळूत किंवा ओल्या गोणपाटात ठेवतात. मुळे उन्हात तासभर उघडी राहिली तरी मर वाढते.

लावणीचा योग्य काळ थंडीचा आहे. युरोप व उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारणतः नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत, गवत सुप्त असताना व वाळू ओली असताना काम करतात. हवा तापू लागल्यावर केलेली लावणी बहुधा फसते. जमीन गोठलेली असतानाही काम थांबवावे लागते.

एका खड्ड्यात दोन ते पाच ताटे एकत्र लावतात. खड्डा अरुंद पात्याच्या फावड्याने उभा पाडला जातो आणि ताटे सुमारे २५ ते ३० सेंमी. खोल बसवून वाळू पायाने घट्ट दाबली जाते. खोली हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. वरची वाळू लवकर कोरडी होते आणि वाऱ्याने उडून जाते. उथळ लावलेला ठोंब एका वादळात उघडा पडतो. याउलट, थोडे अधिक खोल गेलेल्या ठोंबाचे क्वचितच नुकसान होते. हाताने ओढून पाहिले असता ठोंब सहज वर येता कामा नये.

दोन खड्ड्यांतील अंतर सर्वसाधारणपणे ४५ सेंमी. ठेवतात. तीव्र उतार व जोराचा वारा असेल तेथे ते ३० सेंमी.पर्यंत कमी करतात, आडोशाच्या बाजूला वाढवितात. ओळी एकमेकींच्या आड येतील अशा, म्हणजे पुढच्या ओळीतील फटीमागे मागच्या ओळीतील ठोंब येईल अशा रीतीने लावतात. सरळ रेषेत मोकळ्या राहिलेल्या पट्ट्यांतून वारा वाळू पोखरतो. ४५ सेंमी. अंतराने एका हेक्टरला सुमारे ४९,००० खड्डे पडतात आणि खड्ड्यास तीन ताटे धरली तर जवळजवळ दीड लाख ताटे लागतात. यंत्राने लावणी करता येते, पण उंचसखल टेकडीवर आजही हे काम मुख्यतः हातांनीच होते. अनेक देशांत हिवाळ्यातील सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक व शाळकरी मुले ते करतात.

जेथे वाऱ्याने टेकडीत खोल खळगे पाडले आहेत तेथे केवळ गवत लावून भागत नाही. प्रथम फांद्यांचे किंवा लाकडी पट्ट्यांचे बुटके कुंपण घालून वाळू साठवितात. कुंपण सलग नसावे. सुमारे निम्मी जागा मोकळी राहील असे असावे. भरीव भिंतीवर वारा आदळून मागे भोवरा तयार होतो आणि वाळू साठण्याऐवजी उपसली जाते. सच्छिद्र कुंपणातून वारा मंद होऊन जातो व वाळू त्याच्या दोन्ही अंगांना बसते. कुंपण भरले की त्यावर गवत लावतात.

निगा

पहिल्या वर्षी नत्रयुक्त खत थोड्या प्रमाणात दिल्यास वाढ स्पष्टपणे सुधारते, कारण किनाऱ्याच्या वाळूत नत्र फार कमी असते. खत लावणीच्या वेळी न देता वसंत ऋतूत नवे कोंब दिसू लागल्यावर पसरतात. हिवाळ्यात दिलेले खत पावसाबरोबर वाळूतून खाली निघून जाते. गवत एकदा स्थिरावल्यावर खत देत राहणे हितावह नाही. त्याने तण व इतर गवते माजतात आणि टेकडीवरील विरळ पोषणावर जगणाऱ्या दुर्मिळ वनस्पती नाहीशा होतात. पाणी देण्याची गरज सहसा पडत नाही.

पहिल्या एकदोन हिवाळ्यांनंतर ठोंबांची पाहणी करून मेलेल्या जागा पुन्हा भरल्या जातात. हे काम टाळले तर लहान फट वाढत जाऊन खळगा बनतो. ससे व गुरे कोवळे कोंब खातात, म्हणून नव्या लागवडीला काही काळ कुंपण करावे लागते.

मॅरम गवताचा सर्वांत मोठा शत्रू मात्र माणसाचे पाऊल आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वादळात उभे राहणारे हे गवत सततच्या चालण्याने थोड्याच काळात मोडते. कोंब पेराशी तुटतात, मोकळी वाळू उघडी पडते आणि पायवाट वाऱ्याची वाट होते. त्यामुळे पर्यटकांची ये-जा असलेल्या किनाऱ्यांवर टेकडीवरून लाकडी फळ्यांचे मार्ग बांधतात. हे मार्ग मुख्य वाऱ्याच्या दिशेला तिरपे ठेवले जातात, सरळ समुद्राकडे उघडणारे ठेवले जात नाहीत. किनारा स्वच्छ करताना भरतीरेषेवरील समुद्रशैवाल यंत्राने खरवडून नेण्याची पद्धतही गवताला मारक ठरते. त्या शैवालाच्या ओळीतच नव्या टेकडीची पहिली वाळू अडते व तेच कुजून गवताला नत्र पुरविते.

बागेत शोभेसाठी हे गवत लावायचे झाल्यास भरपूर ऊन, निचऱ्याची वाळूमय जमीन आणि वरचेवर घातलेली स्वच्छ वाळू या तीन गोष्टी लागतात. चिकणमातीत किंवा पाणी साचणाऱ्या जागी ते कुजते. मूळ प्रदेशाबाहेर ते बागेत लावणे टाळावे, कारण मूलक्षोडाचा तुकडाही नवी वसाहत सुरू करू शकतो.

युरोपातील इतिहास

किनाऱ्याची वाळू हे युरोपातील अनेक गावांवरचे खरे संकट होते. छपरे शाकारण्यासाठी, सरपणासाठी व गुरांसाठी टेकड्यांवरील गवत उपटले गेले, की वाळू मोकळी होऊन शेतांवर चालून येई. स्कॉटलंडच्या मोरे फर्थच्या काठावरील कल्बिन ही जहागीर १६९४ च्या वादळात वाळूखाली गेली. एका रात्रीत सारे गाडले गेले असे परंपरा सांगते. वस्तुतः वाळूचे आक्रमण त्याआधीपासून चालू असावे असे इतिहासकारांचे मत आहे. जहागीरदार अलेक्झांडर किनेर्ड याने कर माफ व्हावा म्हणून स्कॉटिश संसदेकडे अर्ज केला आणि १६९५ मध्ये संसदेने वाळूच्या टेकड्यांवरील मॅरम गवत, ब्रूम व जुनिपर ही झुडपे उपटण्यास बंदी करणारा कायदा संमत केला. कल्बिनची वाळू पुढे विसाव्या शतकात वनविभागाने पाइनची झाडे लावून स्थिर केली.

डेन्मार्कच्या उत्तर टोकावरील स्कागेन येथील संत लॉरेन्सचे चर्च अशाच वाळूने वेढले गेले. प्रार्थनेला जाण्यासाठी दार उकरून काढावे लागे. अखेर १७९५ मध्ये ते बंद करण्यात आले. आज त्याचा फक्त पांढरा मनोरा वाळूबाहेर आहे. त्यापूर्वी तीन वर्षे, १७९२ मध्ये, डेन्मार्कने वाहत्या वाळूच्या बंदोबस्ताचा व्यापक हुकूम काढला होता आणि पुढील शतकात जटलंडच्या किनाऱ्यावर गवत व झाडांची लागवड झाली. ती इतकी यशस्वी झाली की मोकळी वाळू दुर्मिळ झाली. रोब्येर्ग मीले ही एक टेकडी सरकारने मुद्दाम गवत न लावता सोडून दिली आहे. ती दरवर्षी सुमारे १५ मीटर वेगाने ईशान्येकडे सरकते आणि पूर्वजांना कशाशी झगडावे लागले ते पाहण्यासाठी लोक तेथे जातात.

फ्रान्समध्ये लांद प्रदेशात अभियंता निकोला ब्रेमाँतिए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस किनाऱ्याकडील टेकडीवर गुर्बे आणि तिच्या आडोशाला सागरी पाइन अशी पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली. स्थानिक लोकांना यातील बरेच ज्ञान आधीपासून होते. ब्रेमाँतिएचे श्रेय मुख्यतः सरकारी पाठबळाने ते विस्ताराने अमलात आणण्याचे आहे.

गवताचा दुसरा उपयोग विणकामाचा. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या न्यूबरो गावात मॅरमच्या चटया, दोर, केरसुण्या व जाळी विणण्याचा व्यवसाय विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चालू होता. तेथेही गवत मुळासकट उपटण्यावर पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळी बंदी घातली गेली. कापणे आणि उपटणे यांतला फरक हा या गावाच्या दृष्टीने उपजीविका आणि शेतावरची वाळू यांतला फरक होता.

मूळ प्रदेशाबाहेर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सॅन फ्रान्सिस्को शहराच्या पश्चिमेला उघड्या वाळूवर गोल्डन गेट पार्क उभारताना मॅरम गवत आणले गेले. हे कॅलिफोर्नियातील त्याच्या पहिल्या लागवडींपैकी एक होय. ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीच्या मुखावर बांधलेल्या बंधाऱ्यांमुळे व अतिचराईमुळे क्लॅट्सप मैदानावर वाळू सुटली होती. तेथे १९३५ पासून मृदसंधारण खात्याने सुमारे ३,००० एकरांवर गवते लावली. कामाच्या दृष्टीने हा प्रकल्प यशस्वी होता. रस्ते, घरे व बंदरे वाळूपासून वाचली. अशाच कामाची पाहणी करण्यासाठी फ्रँक हर्बर्ट हे लेखक १९५७ मध्ये ऑरेगनमधील फ्लॉरेन्स गावी गेले होते. त्या विषयावरचा त्यांचा नियोजित लेख कधी छापला गेला नाही, पण त्याच टिपणांतून पुढे 'ड्यून' (१९६५) ही विज्ञानकादंबरी आकाराला आली.

लावलेले गवत लावल्या जागी मात्र राहिले नाही. वादळात कापल्या गेलेल्या टेकडीतून निसटलेले मूलक्षोडाचे तुकडे समुद्राच्या पाण्यात काही दिवस जिवंत राहतात, प्रवाहाबरोबर दूर जातात व नव्या किनाऱ्यावर रुजतात. अशा रीतीने मॅरम गवत या किनाऱ्यावर शेकडो किलोमीटर पसरले. या किनाऱ्यावरील मूळ गवत, लेयमस मॉलिस, विरळ वाढते आणि त्याच्याभोवती बुटके, तुटक उंचवटे तयार होतात. मॅरममुळे तेथे किनाऱ्याला समांतर, उंच व सलग बांध उभा राहिला. बांधामागे वाळू पोहोचेनाशी झाली, तेथे झुडपे व झाडे वाढली आणि खुल्या वाळूवरची जीवसृष्टी आक्रसली. उघड्या वाळूवर साध्या खळग्यात अंडी घालणारा पश्चिमी स्नोई प्लोव्हर हा छोटा पाणपक्षी याचा मोठा बळी ठरला. गवतामुळे त्याच्या घरट्यांची जागा गेली आणि शिकारी प्राण्यांना आडोसा मिळाला. अमेरिकेच्या संघशासनाने पॅसिफिक किनाऱ्यावरील त्याच्या समूहाला १९९३ मध्ये धोक्यात आलेल्यांच्या यादीत घातले.

न्यूझीलंडमध्ये मॅरमने पिंगाओ या सोनेरी रंगाच्या लव्हाळ्याची आणि स्पिनिफेक्स गवताची जागा घेतली. पिंगाओची पाने माओरी विणकामात फार मानाची आहेत, त्यामुळे त्याचा ऱ्हास हा केवळ वनस्पतिशास्त्राचा प्रश्न राहिला नाही.

निर्मूलन

मॅरम गवत काढणे हे लावण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे. वरचे गवत कापून किंवा जाळून उपयोग होत नाही. मूलक्षोडातून ते पुन्हा फुटते. कॅलिफोर्नियातील हम्बोल्ट उपसागराजवळच्या लँफीअर टेकड्यांवर ते फावड्याने खणून काढले गेले. एकच जागा वारंवार खणावी लागली, परंतु गवत गेल्यावर मूळ वनस्पती बऱ्याच अंशी आपोआप परतल्या. अन्यत्र बुलडोझरने टेकडी उलटवून मुळे खोल पुरतात किंवा तणनाशके वापरतात. न्यूझीलंडच्या स्ट्युअर्ट बेटावरील मेसन उपसागरात संवर्धन विभागाने केवळ गवतकुलावर परिणाम करणारे तणनाशक वापरले. पिंगाओ गवतकुलातील नसून लव्हाळ्याच्या कुलातील असल्याने तो त्यातून वाचतो.

निर्मूलनाचा निर्णय सरळ नसतो. उंच बांध गेला की वादळी लाटांपासून मिळणारे संरक्षणही जाते. वॉशिंग्टन व ऑरेगनच्या काही भागांत नंतर आलेल्या अमेरिकन जातीने (ॲमोफिला ब्रेव्हिलिग्युलाटा) मॅरमला मागे सारले आहे आणि तिच्या टेकड्या अधिक बुटक्या असतात, त्यामुळे तेथील वस्त्यांना पुराचा धोका वाढण्याची शक्यता संशोधकांनी वर्तविली आहे. या दोन जातींचा संकरही त्या किनाऱ्यावर आढळला आहे. घरांसमोरचा बांध राखायचा आणि निर्जन किनाऱ्यावर पक्ष्यांसाठी तो मोडायचा, अशी विभागणी बहुतेक ठिकाणी केली जाते.

मूळ प्रदेशातही दृष्टिकोन बदलला आहे. नेदरलँड्समध्ये शतकानुशतके प्रत्येक उघडी जागा हेल्म लावून बुजविली जात असे. आता समुद्रपातळीपासूनचे संरक्षण अबाधित राहील तेथे टेकडीत मुद्दाम खाचा पाडतात. हार्लेमजवळच्या झाउड-केनेमरलँड राष्ट्रीय उद्यानात २०१२-१३ च्या सुमारास अशा पाच खाचा पाडण्यात आल्या. त्यांतून चुनखडीयुक्त ताजी वाळू आत जाते आणि जुन्या टेकड्यांवरील वनस्पतींना, त्यात खुद्द मॅरम गवतालाही, पुन्हा जोम येतो.

भारतीय किनाऱ्यावरील समकक्ष वनस्पती

मॅरम गवत समशीतोष्ण हवामानाचे असून भारताच्या किनाऱ्यावर ते निसर्गतः वाढत नाही. येथे वाळू धरून ठेवण्याचे काम स्पिनिफेक्स लिट्टोरियस हे काटेरी गवत आणि मर्यादवेल (आयपोमिया पेस-कॅप्री) या वनस्पती करतात. कोकण व गोव्याच्या वालुकामय किनाऱ्यांवर दोन्ही आढळतात. स्पिनिफेक्सला तमिळमध्ये 'रावणाची मिशी' या अर्थाचे नाव आहे. त्याचे नर व मादी फुलोरे वेगवेगळ्या झाडांवर येतात आणि पिकलेले गोल, काटेरी मादी फुलोरे वाऱ्याने वाळूवरून गडगडत जाऊन बी पसरवितात. त्याची आडवी खोडे पृष्ठभागावरून लांबवर धावतात व पेरापेराशी मुळे धरतात, म्हणून त्याच्या टेकड्या मॅरमच्या टेकड्यांपेक्षा पसरट असतात.

किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ व २०१९ च्या अधिसूचनांत वाळूच्या टेकड्यांचा समावेश सर्वाधिक संरक्षित अशा पहिल्या वर्गात केलेला आहे. कोकणात टेकड्यांवर सुरूची बने लावण्याची प्रथा आहे. सुरू वारा अडवितो, परंतु त्याच्या सुयांच्या जाड थराखाली स्पिनिफेक्स व मर्यादवेल यांसारख्या सूर्यप्रकाश लागणाऱ्या वनस्पती फारशा वाढत नाहीत. पायदळी तुडवणे, वाहने व वाळूउपसा यांचा परिणाम मात्र येथील गवतावर तसाच होतो जसा उत्तर समुद्राच्या काठी मॅरमवर होतो.